पणजोबांच्या केतुब्यावरचे मासे आणि मोर: ही ‘खरी ज्यू आर्ट’ आहे का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि फोटो झूम करून बराच वेळ बघत बसले, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. आधी तुम्ही काय विचारलंय ते माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आजीच्या ट्रंकेत तळाला, साड्यांच्या खाली तुम्हाला पणजोबांचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा सापडला. वर कमान, कमानीत समोरासमोर दोन मासे, दोन्ही बाजूला मोर, मध्ये हिब्रू अक्षरांतला मजकूर, खाली सह्या, उजव्या कोपऱ्यात पिवळे डाग. इस्रायलमधला तुमचा चुलतभाऊ म्हणतो ही काही खरी ज्यू आर्ट नाही, नुसती इंडियन नक्षी आहे, मेनोरा (सात फांद्यांचा दिवा) नाही की सहा टोकांचा स्टार नाही. कॉलेजमधला मित्र म्हणतो ज्यू धर्मात चित्र काढायलाच बंदी आहे. आणि तुम्ही विचारताय की मग हे नक्की काय आहे, साफ करून फ्रेम करू का?

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे. ‘आम्ही ज्यू म्हणून पुरेसे आहोत का’ हा प्रश्न तुम्ही त्या कागदाला विचारताय. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, घरातल्या बऱ्याच लोकांकडून मी तो वेगवेगळ्या शब्दांत ऐकलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी कागद आणि हस्तलिखितांचं संवर्धन करते, चोवीस वर्षं झाली. स्वतः ज्यू नाही, हिब्रू जुजबी वाचता येतं, तारखा आणि नावं लागतात तेवढं. धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या) जाणत्या माणसाचा, माझा नाही. आणि फोटोवरून कागदाबद्दल जे सांगते त्यातलं काही कागद हातात आल्यावर बदलू शकतं हेही आधीच सांगून ठेवते.

आधी मित्राचं बघू, कारण ते लवकर संपतं. बंदी म्हणतात ती दहा आज्ञांमधली दुसरी, बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातली, कोरीव मूर्ती करू नकोस, कशाची प्रतिमा करू नकोस, आणि लगेच पुढे येतं की त्यांच्यापुढे वाकू नकोस, त्यांची पूजा करू नकोस. आता हे दोन्ही एकत्र वाचायचं की सुटं, यावर दोन हजार वर्षं वेगवेगळ्या ठिकाणच्या ज्यूंनी वेगवेगळा निर्णय घेतलाय. कुठे फार कडक, नुसती अक्षरं आणि वेलबुट्टी. कुठे एकदम मोकळं. सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठावर दुरा-युरोपोस नावाचं शहर होतं, तिथल्या सिनेगॉगच्या भिंती साधारण इ.स. २४४-४५ मध्ये चित्रांनी भरल्या होत्या, पाण्यात सोडलेला बाळ मोशे (मोझेस), समुद्र ओलांडणारे लोक, सगळं माणसांसकट. दहाएक वर्षांत इराणचं ससानी सैन्य चाल करून आलं, तेव्हा शहर राखणाऱ्यांनी तट मजबूत करायला तटाला लागून असलेल्या इमारती मातीने भरून टाकल्या आणि त्या मातीत ही चित्रं १९३२ पर्यंत शाबूत राहिली. आता ती दमास्कसच्या म्युझियममध्ये आहेत. आणि याच्या उलट टोकाला साधारण १३०० च्या सुमाराचं जर्मनीतलं एक हगादा आहे (हगादा म्हणजे पेसाहच्या, मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचं पुस्तक), त्यात माणसांच्या अंगावर कपडे माणसांचे पण डोकी पक्ष्यांची. चित्र तर हवंय, पण माणसाचा चेहरा काढायला हात धजत नाही, अशी ती अडचण त्या पानांवर स्पष्ट दिसते. तेव्हा ‘बंदी आहे’ हे एक वाक्य पुरत नाही. त्यातून तुमच्या केतुब्यावर तर माणूसच नाही, मासे आणि मोर आहेत, त्याला फारच कडक लोक सोडले तर बहुतेकांनी हरकत घेतली नसती.

उलट बाजूने सुंदर करण्याची परंपराही तितकीच पक्की आहे. तिला हिद्दुर मित्स्वा म्हणतात. धर्माचं काम करायचं ते नुसतं उरकायचं नाही, छान करायचं, तालमूदमध्ये (ज्यूंच्या धर्मचर्चेचा जुना ग्रंथ) सांगितलंय की सुक्का (सणाचा मांडव) सुंदर असावी, शोफार (फुंकायचं शिंग) सुंदर असावं, तोराची (धर्मग्रंथाची) गुंडाळी चांगल्या शाईने चांगल्या लेखनिकाने लिहिलेली असावी. केतुबा कायद्याने साध्या कागदावर काळ्या शाईत लिहिला तरी चालतो. तुमच्या पणजोबांच्या घरच्यांनी तो रंगवून घेतला, त्यासाठी चार पैसे जास्त मोजले. म्हणजे ती नक्षी वरून चिकटवलेली हौस नाही, ती त्या धार्मिक कामाचाच भाग आहे.

आता चुलतभावाचं. त्याला मेनोरा आणि स्टार हवाय. त्याचा राग नका धरू, पण या दोन खुणांचा इतिहास त्याला जरूर सांगा. मेनोरा खरंच फार जुनी. पण तिचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध जुनं चित्र रोममध्ये टायटसच्या कमानीवर आहे, आणि ते ज्यूंनी कोरलेलं नाही, इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पाडून लूट मिरवत नेणाऱ्या विजेत्यांनी कोरून घेतलंय. त्याच कोरीवकामातला मेनोऱ्याचा आकार १९४९ मध्ये इस्रायलने आपल्या राजचिन्हात घेतला. पराभवाची खूण उचलून स्वतःची ओळख केली. आणि सहा टोकांची चांदणी, ती तर जुन्या काळी ज्यूंची एकट्याची नव्हतीच, बऱ्याच लोकांच्या नक्षीत होती, आपल्याकडे यंत्रांमध्ये षट्कोण असतोच. सगळीकडच्या ज्यूंची खूण म्हणून ती खरी पसरली एकोणिसाव्या शतकात, आणि १८९७ च्या झायनिस्ट (ज्यूंचा स्वतःचा देश मागणाऱ्यांच्या) काँग्रेसनंतर झेंड्यावर पक्की झाली. त्यामुळे कोकणातून आलेल्या कुटुंबाच्या जुन्या कागदावर ती नसेल तर त्यात काहीच कमी नाही.

आणि खुद्द इस्रायलच्या मातीत काय सापडलं ते बघा. १९२८ च्या अखेरीला बेत अल्फाजवळच्या एका किबुत्झमधली (सामूहिक शेतीच्या वसाहतीतली) मंडळी पाण्याचा पाट खणत होती आणि खाली सहाव्या शतकातल्या सिनेगॉगची मोझॅकची फरशी लागली. मधोमध राशिचक्र, बारा राशी, आणि त्याच्या मध्यावर चार घोड्यांच्या रथात सूर्यदेव, ग्रीक पद्धतीचा हेलिओस. फरशी करणाऱ्या बापलेकांची नावंही ग्रीक अक्षरांत लिहिलीयत, मारिआनोस आणि त्याचा मुलगा हनिना. बापाचं नाव रोमन वळणाचं, मुलाचं हिब्रू. एका घरात एका पिढीत दोन्ही. मला ही फरशी फार जवळची वाटते, कारण आपल्याकडच्या घरांत, दस्तांवर मी हेच बघते.

तर माझ्या अनुभवातून मी यावर असा विचार करते. ज्यू कलेला स्वतःची अशी एक शैली नाही, कधीच नव्हती. गोष्ट, शब्द, तारीख, विधी हे तिकडून आलेलं असतं आणि कपडे, झाडं, घरं, रंग हे जिथे राहतात तिथले असतात. दुराच्या भिंतीवर मोशे ग्रीक-रोमन पद्धतीचं उपरणं पांघरून उभा आहे आणि बायबलमधल्या एस्तेर राणीच्या गोष्टीतली माणसं इराणी विजारी घालून. बोस्नियातल्या सारायेव्होचं प्रसिद्ध हगादा, साधारण १३५० चं, स्पेनच्या बाजूला तयार झालेलं, त्यातले कपडे आणि इमारती तिथल्या. आणि पुण्यात १८७४ मध्ये बेने इस्रायलांसाठी हिब्रू आणि मराठी असं दोन्ही भाषांतलं हगादा छापलं गेलं (त्याआधी १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी भाषांतरासह एक निघालं होतंच), त्या पुण्याच्या हगाद्यात मात्झा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायकांचं चित्र आहे आणि त्या बायका लुगडं नेसून खाली जमिनीवर बसल्यायत. युरोपातल्या छापील हगाद्यांची चित्रं समोर होती, नक्कल करता आली असती. पण मात्झा करायची म्हणजे आपल्या घरात बाई कशी बसते तेच त्या चित्रकाराला दिसलं आणि तेच त्याने काढलं. चुलतभावाला हे चित्र दाखवा. दुराच्या विजारी चालतात, सारायेव्होचे झगे चालतात, तर पुण्याचं लुगडं का चालू नये, एवढंच विचारा.

आता तुमचा कागद. कमान, मासे, मोर. यातलं इंडियन काय आणि ज्यू काय, हे वाटतं तितकं सरळ नाहीये.

कमान आधी घेऊ. बघताना आपल्याला वाटतं की ही मुघल नाहीतर वाड्याच्या दरवाजाची कमान. पण सोळाव्या शतकापासून युरोपातल्या छापील हिब्रू पुस्तकांच्या पहिल्या पानावर दोन खांब आणि वर कमान अशी चौकट असायची, त्या पानाला हिब्रूत शब्दच ‘शआर’ म्हणजे दरवाजा. पुस्तकात शिरायचं ते दारातून. ती पुस्तकं जहाजाने जगभर गेली, मुंबईतही आली, आणि केतुब्याच्या चौकटी त्यांच्यावरून घेतल्या गेल्या. म्हणजे ज्याला तुम्ही देशी समजत होता ती कमान बहुतेक पुस्तकांतून आलीय. खांबांच्या पायथ्याशी कमळासारखं काही दिसतंय, ते मात्र रंगवणाऱ्याच्या हाताचं.

मासे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात ज्यूंचा पूर्वज याकोब नातवंडांना आशीर्वाद देतो तिथे ‘वाढा’ म्हणायला जो शब्द वापरलाय तो माशावरून, म्हणजे माशांसारखे पुष्कळ व्हा. शिवाय तालमूदमध्ये म्हटलंय की मासे पाण्याने झाकलेले असतात म्हणून त्यांना दृष्ट लागत नाही. लग्नाच्या कागदावर याहून चांगलं काय काढणार? पण त्याचबरोबर तुमचे पूर्वज कोकणातले, नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली अशी समाजाची परंपरेने चालत आलेली कथा. चित्रातल्या माशांकडे नीट बघा, शेपटी दुभागलेली, पाठीवर काळसर पट्टा, अंगाला चपटे. मी फोटो मोठा करून बघितला तेव्हा मला ते बाजारातले मासे वाटले, पुस्तकातले नाही. रंगवणाऱ्याने ते ताटात बघितलेले असावेत. आशीर्वाद याकोबाचा आणि मासा अलिबागचा, असं म्हणायला मला काही अडचण वाटत नाही.

मोर तर अजून गमतीशीर. मोर इथला पक्षी, पैठणीच्या पदरावर असतो, तोरणावर असतो, तुम्ही म्हणाल हा तरी शंभर टक्के आपला. पण राजा शलमोनाच्या जहाजांनी सोनं, चांदी, हस्तिदंत, माकडं आणि ‘तुक्कीयिम’ आणले असं बायबलमध्ये आहे, तुक्कीयिम म्हणजे मोर असा परंपरेचा अर्थ, आणि हा शब्द तमिळमधल्या मोरपिसाऱ्याच्या ‘तोकै’ या शब्दावरून गेला असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे हा पक्षी बहुधा इथूनच तिकडे, हिब्रूत गेला आणि तीन हजार वर्षांनी मुंबईतल्या एका केतुब्यावर हिब्रू अक्षरांच्या शेजारी येऊन बसला. तुमच्या चित्रकाराच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही, त्याला कदाचित फक्त मोर छान काढता येत असेल. पण इंडियन आणि ज्यू अशा दोन बरण्या करून यातलं एकेक काढून भरायला गेलात तर जमणार नाही हे सांगायला मोर पुरेसा आहे.

मजकुराकडे येते, कारण तुमच्या घरच्यांचं लक्ष नक्षीकडे गेलंय आणि मला जास्त ओढ मजकुराची आहे. केतुब्यात गावाची ओळख पाण्यावरून देण्याची पद्धत असते, अमुक नदीकाठचं, अमुक विहिरींचं गाव. तुमच्याकडे चौथ्या ओळीत मुंबईचं नाव आणि पुढे समुद्राच्या किनाऱ्यावर वसलेली असं आहे. हिब्रूच्या जवळच्या अरामी भाषेत, बाबिलोनच्या काळापासून चालत आलेल्या साच्यात, आपली मुंबई. मला तर ती ओळ वाचून भरून आलं. आणि तारीख, तुम्ही विचारलं होतं किती जुना आहे. वर्ष अक्षरांत लिहिलंय, ताव रेश पे दालेत. ताव म्हणजे ४००, रेश २००, पे ८०, दालेत ४, बेरीज ६८४. हजारांचा आकडा अशा वेळी बरेचदा लिहीत नाहीत, तो ५००० धरायचा. इंग्रजी वर्ष काढायला या छोट्या आकड्यात १२४० मिळवायचे, आले १९२४. सप्टेंबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर एक वर्ष कमी करावं लागतं, पण तुमच्यात महिना शेवात आहे, तो जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास येतो, तेव्हा १९२४ पक्कं धरा. खालच्या दोन सह्यांपैकी डावीकडची देवनागरीत आहे आणि आडनावाच्या शेवटी ‘कर’ अगदी स्वच्छ दिसतंय. पेणकर, रोहेकर, नवगावकर, झिराडकर, ही सगळी रायगडातली गावंच. वर अरामी, खाली कोकणातलं गाव, एका पानावर. याला मी ओळख म्हणते.

आणि ही ओळख भिंतीवर टांगायची शोभा नाही, ती कामाला येते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांना लग्न लावताना अडवलं गेलं, पूर्वजांच्या लग्न-घटस्फोटांची चौकशी करा म्हणून सांगितलं गेलं, आंदोलनं झाली, आणि १९६४ मध्ये तिथल्या मुख्य रब्बिनेटला (धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेला) माघार घेऊन हे सर्व बाबतीत ज्यूच आहेत असं मान्य करावं लागलं. आजही तिथे लग्नाची नोंदणी करताना आईवडिलांचा केतुबा मागतात. म्हणजे ज्या कागदाला चुलतभाऊ इंडियन नक्षी म्हणतोय, तसल्याच कागदांवर त्याच्या घरच्यांना तिथे आपण कोण ते दाखवता आलं असेल. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक कुटुंब आलं होतं, निघायला पंधरा दिवस राहिले होते, त्यांनी आजोबांचा केतुबा दुरुस्तीला दिला आणि सांगितलं की ताई, सुंदर नाही केलात तरी चालेल पण नावं आणि सह्या वाचता आल्या पाहिजेत. मी तेव्हा नक्षीच्या रंगावर चार दिवस घालवणार होते, ते सगळं बाजूला ठेवलं आणि सह्यांच्या ओळीवरचा सेलोटेप काढत बसले.

आता डागांबद्दल, आणि इथे मला माझी एक चूक सांगायची आहे कारण तुम्ही तीच करायला निघालाय. कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील, ठाण्याहून एक आजी जुनं हगादा घेऊन आल्या. बांधणी सुटलेली, पानं ठिसूळ, आणि एका पानावर दहा-बारा तपकिरी गोल डाग. त्या म्हणाल्या पुस्तक नीट करून दे. मला वाटलं नीट म्हणजे स्वच्छ. हिब्रू तेव्हा अजिबात येत नव्हतं, विचारलंही नाही, ते पान धुतलं, डाग जवळपास गेले, मला माझाच अभिमान वाटला. आजी पुस्तक घ्यायला आल्या, सरळ ते पान उघडलं आणि बोट ठेवून गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, इथे माझ्या वडिलांचं बोट होतं गं. ते दहा पीडांचं पान होतं. पेसाहच्या रात्री मिसरवरच्या दहा पीडांची नावं घेताना प्रत्येक नावाला पेल्यातला थेंब बाहेर टाकतात, दुसऱ्यांच्या दुःखावर आपला पेला भरलेला नसावा म्हणून. त्यांच्या घरी वाईन नसायची, काळ्या मनुका भिजवून केलेलं शरबत असायचं, आणि वडील पुस्तक मांडीवर घेऊन बोट बुडवायचे ते थेंब पानावर पडायचे, दर वर्षी. पन्नास वर्षांचे पेसाह मी ऊन पाण्याने काढून टाकले होते. त्या मला रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून डाग दिसला की आधी विचारते, हा कुणाचा?

सारायेव्होच्या हगाद्यावरही वाईनचे डाग आहेत, आणि एका पानावर १६०९ सालची इटलीतल्या चर्चच्या तपासनिसाची नोंद आहे. या हगाद्याला स्पेन सोडावं लागलं, इटली बघावी लागली, १८९४ मध्ये ते सारायेव्होच्या म्युझियमला विकलं गेलं, दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या हातून तिथल्या देर्विश कोर्कुत या मुसलमान ग्रंथपालाने ते वाचवलं. चित्रं अप्रतिमच आहेत, सोन्याचा वर्ख आणि गडद निळा. पण ते पुस्तक काचेत ठेवायला केलेलं नव्हतं, घरात जेवणाच्या टेबलावर वापरलं गेलं, हे त्या डागांवरून कळतं, चित्रांवरून नाही.

म्हणून तुमच्या उजव्या कोपऱ्यातले पिवळे डाग पुसू नका. मला ते बोटांचे ठसे वाटतायत, तीन शेजारी शेजारी आणि मागच्या बाजूला अंगठ्याचा असेल. तुमच्याकडे लग्नात मेंदी असते, मंगळसूत्र असतं, त्या दिवशी कुणाच्या हाताला हळद असणं अगदी शक्य आहे. खात्री नाही, जुन्या सरसाचाही डाग असू शकतो. पण हळद असेल तर एक धोका सांगून ठेवते, जो तुमच्या गावातल्या कुठल्याही फ्रेमवाल्याला किंवा नवख्या दुरुस्ती करणाऱ्याला माहीत नसेल. जुना कागद आंबट होतो, पिवळा पडून तुटायला लागतो, म्हणून त्याला चुन्याच्या जातीच्या सौम्य द्रावणाचा हात देतात. आता हळदीत चुना घातला की काय होतं? कुंकू होतं. डाग लालभडक होईल आणि तो परत पिवळा करणं सोपं नाही. म्हणून कोणाकडेही दिलात तरी त्या कोपऱ्याबद्दल आधी तोंडाने सांगा, कागदावर लिहून द्या. मोरांचा जांभळा-गुलाबी रंगही मला त्या काळच्या कृत्रिम रंगांचा वाटतोय, तो पाण्याच्या एका थेंबाने फुटू शकतो आणि उन्हाने उडतो.

नक्षी छापील की हाताने रंगवलेली, हेही तुम्ही विचारलंय. दहा पटीचं भिंग घ्या, दिवसाच्या उजेडात मोराच्या पिसाऱ्यावर धरा. रंगाच्या कडेला बारीक ठिपके किंवा वाळूसारखं दाणेदार दिसलं तर शिळाछाप. कडेला रंग जरा साचून गडद झालेला आणि कुठे रेषेबाहेर गेलेला दिसला तर ब्रश. माझा अंदाज असा की काळ्या रेषा छापील आणि रंग हाताने भरलेले. बरेचसे केतुबे असेच असायचे, छापील चौकट विकत मिळायची, नावं आणि तारीख नंतर भरायचे. पण त्याने किंमत कमी होत नाही. त्या छापील चौकटी हजारो लोकांनी वापरल्या असतील, त्यातली तुमच्या पणजोबा-पणजीच्या नावाची एकच आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर मित्राला सांगा की बंदी पूजेच्या मूर्तीभोवती आहे आणि तिची सीमा जागोजागी बदलते, चुलतभावाला सांगा की प्रत्येक ठिकाणचे ज्यू आपली गोष्ट आपल्याच कपड्यांत काढत आले, आणि स्वतःला सांगा की कागद साफ करायचा नाहीये, सांभाळायचाय.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती न सांगणं बरोबर नाही. ज्यू माणसाने केलं म्हणजे ज्यू कला, असंही होत नाही. चित्रकार रोथको ज्यू घरात जन्मला, पण त्याच्या रंगांच्या मोठ्या चौकोनांना ज्यू कला म्हणायचं का यावर वाद होतात आणि माझं मत नाही असं आहे. उलट शगाल या ज्यू चित्रकाराने १९३८ मध्ये, जर्मनीत सिनेगॉग जळत होती त्या वर्षी, क्रुसावरचा येशू काढला आणि त्याच्या कमरेला ज्यूंची प्रार्थनेची शाल गुंडाळली, भोवती पळणारी माणसं आणि पेटलेलं सिनेगॉग. विषय ख्रिस्ती आणि चित्र मनापासून ज्यू. आपल्याकडच्या चित्रकार सिओना बेंजामिन बघा, मुंबईत वाढलेल्या बेने इस्रायल, जेजेमध्ये शिकल्या, आता अमेरिकेत असतात. त्यांच्या चित्रांत बायबलमधल्या बायका निळ्या कातडीच्या असतात, लघुचित्रांच्या पद्धतीने रंगवलेल्या. निळा रंग आपल्याला कृष्णाचा वाटतो, त्या मात्र ‘कुठल्याच एका जागेची नसलेली’ बाई त्या रंगातून दाखवतात. तुमच्या कागदावरचा निनावी माणूस आणि या, दोघांनी एकच काम केलंय, फक्त त्याने ते न ठरवता केलं आणि या ठरवून करतात. तो फरक मला महत्त्वाचा वाटतो, त्यात मधली शंभर वर्षं आली, समाज विखुरला, इथे आता चार-पाच हजार लोक उरले आणि बहुतेक सगळे तिकडे गेले. जेव्हा शेजारीपाजारी सगळे आपलेच असतात तेव्हा ओळख चित्रात मुद्दाम घालावी लागत नाही.

फ्रेमचं म्हणाल तर मूळ कागद भिंतीवर लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे, निदान मुंबईत तरी. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी धरते आणि मग काच काढताना रंग काचेबरोबर येतो. चांगला स्कॅन करून घ्या, त्याची खऱ्या आकाराची प्रिंट फ्रेम करा, ती दिवाणखान्यात लावा. मूळ कागद आम्लविरहित फोल्डरमध्ये, आडवा, घडी न घालता, सपाट बॉक्समध्ये. लॅमिनेशन कुणी सुचवलं तर तिथून उठून या, त्यातून कागद परत सुटत नाही. सेलोटेप नाही, डांबर गोळ्या नाहीत. दर दोन महिन्यांनी उघडून कसर लागलीय का बघा. जिथे घडीवर फाटलाय तिथे जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या खळीने जोड देता येईल, ते काम घरी करू नका. आणि तुकडे पडले असतील तर एकही टाकू नका, ज्या कागदावर देवाचं नाव असतं तो ज्यूंमध्ये फेकत नाहीत, ठेवतात किंवा पुरतात, याबद्दल सिनेगॉगमध्ये विचारा.

संस्थेला द्यायचा का, हे तुमच्या घरावर अवलंबून आहे. पुढची पिढी तिकडे जाणार असेल तर मूळ त्यांच्याबरोबर जाऊ द्या, त्यांना तो उपयोगी पडेल. कुणीच सांभाळणारं नसेल तर संग्रहालयाचा विचार करा. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जगभरच्या केतुब्यांचा मोठा संग्रह आहे आणि तो ऑनलाइन बघता येतो, निदान तिथे मुंबईचे केतुबे शोधून तुमच्या चौकटीशी ताडून बघा, एकाच छापखान्याची चौकट सापडली तर बरंच काही कळेल.

आणि घाई एकाच गोष्टीची करा. आजी आहेत ना अजून? त्यांच्यापुढे हा कागद ठेवा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि फक्त विचारा की हा कुणी रंगवला, कुठून आणला, लग्न कुठल्या मशिदीत झालं (जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे, त्यांना तोच शब्द पटकन कळेल). सणांची नावंही त्यांच्या तोंडून घ्या, नव्याचा सण, खिरीचा सण. मग कागद सावकाश पालटून मागच्या बाजूचा एक फोटो इथे टाका. तुमच्या तिसऱ्या फोटोत खालच्या कडेला मागून पेन्सिलीचं काहीतरी उमटलेलं दिसतंय, मला ते मोडीतलं वाटतंय, कदाचित रंगवणाऱ्याचा हिशोब असेल.